साडी लोळते का?

एरोसिटी, मोहाली
४ जानेवारी २०२५

प्रिय लीला,

व्हॉट्सॲपवर तू पाठवलेली गुलाबाची फुलं मिळाली. लगेच पुसून टाकली. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेटनी आपल्याला पत्र लिहायला शिकवलं ते काय दुसऱ्यांचे गुलाब पुढे ढकलण्यासाठी? म्हणून हे कागदावर. शिवाय फोनवर बोलले तर तू मध्येच ‘हॅलो, हॅलो, आवाज येत नाही’ करशील. तुझा फोन नेमका अडचणीच्या वाक्याला बंद पडतो.

इथे आठवडाभर सूर्य दिसलेला नाही. धुक्यानं विमानं अडकून पडलीत, त्यामुळे डोक्यावरची घरघर थांबलीय एवढंच सुख. अंशुमननं हे घर मुद्दाम विमानतळाशेजारी घेतलं. हवाई दलातला नवरा, निवृत्त झाल्यावरही विमान बघितल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नसे. तो गेला, विमानं राहिली.

आता मुद्दा. तुझ्या जावयाची बदली आली. सिकंदराबाद. फेब्रुवारीअखेर विक्रमला तिथे हजर व्हायचंय. एवढं उल्कानं तुला सांगितलंच असेल. जे सांगितलं नसेल ते मी सांगते, कारण तुझी मुलगी स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की तोंडात गुळणी धरते.

पाळी गेलेल्या बायकांची हाडं आतून कशी विरत जातात, ते ती चंदीगडच्या संशोधन संस्थेत बघते, हे तुला माहीत आहे. त्याच त्या बायकांना दर वर्षी बोलावते, टेबलावर झोपवते, वरून यंत्राचा दांडा फिरतो आणि हाडांत किती जीव उरलाय ते आकड्यात येतं. मीही त्यातली एक. दोन फेऱ्या झाल्या. तिसरी आणि शेवटची मार्चमध्ये सुरू होऊन जुलैपर्यंत चालेल. ती झाली नाही तर आधीच्या दोन्हींना काडीची किंमत नाही. आणि त्या संस्थेचा न लिहिलेला नियम असा, की शेवटी जो हजर, शोधनिबंधावर त्याचं नाव पहिलं. उल्का गेली की सगळं काम अपूर्व नावाच्या एका मुलाकडे जाईल. मुलगा वाईट नाही. पण या बायकांना त्यानं कधी पाणीसुद्धा विचारलेलं नाही.

विक्रम आडमुठा नाही. म्हणतो, उल्का थांबू दे जुलैपर्यंत. पण ती संध्याकाळी उशिरा घरी येते आणि अवनी आहे दहा वर्षांची, तिच्यापाशी घरचं माणूस हवं. मी म्हटलं, मी आहे, माझा वरचा मजला रिकामा आहे. तर म्हणाला, ‘मावशी, तुम्हाला कशाला त्रास?’ हा लष्करातला सभ्य नकार. मग म्हणाला, ‘आई आल्या तर प्रश्नच मिटला.’ आई म्हणजे तू.

तेव्हा तू ये. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारच्या आत ये, कारण त्या दिवशी आमच्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू आहे आणि मी कमिटीत भांडून उल्काचा सत्कार आणि भाषण ठरवलंय. दर वर्षी कुणीतरी ब्रिगेडियर येतो, बायकांना ‘घराची लक्ष्मी’ म्हणतो आणि जेवून जातो. या वर्षी एक बाई बायकांशी बायकांच्या हाडांबद्दल बोलेल. तू पहिल्या रांगेत हवीस.

तिकिटाची तारीख कळव. कारणं नकोत.

तुझी
शशी


अमरावती
१६ जानेवारी २०२५

प्रिय शशी,

तिळगूळ घे. या वर्षी लाडू वळले नाहीत, वडीच थापली. हात भरून येतात.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. उल्कासाठी भांडतेस, बरं वाटतं. तिला लहानपणीसुद्धा स्वतःचं ताट मागून घेता येत नसे.

पण मला यायला जमणार नाही. तुमच्याकडची थंडी मला सोसणारी नाही. शिवाय घराला रंग द्यायचाय, रंगवाला रोज येतो येतो म्हणतो. शेजारच्या सुमनच्या नातवाची मुंज आहे, तिला माझ्यावाचून सुचायचं नाही. घर एकदा बंद केलं की वाळवी लागते.

इकडचं काय सांगू? सगळं थोडं थोडं बिघडल्यासारखं झालंय. सुतारानं फडताळ दुरुस्त करताना फळी मेल्यानं इतकी वर ठोकली की वरचा डबा हाताला लागत नाही. उल्कानं दिवाळीला पाठवलेली साडी नेसले तर पायात येते. हल्ली पन्हा मोठा काढतात बहुतेक. म्हटलं, जुनी इरकल बरी, तर तीही लोळते. धुऊन धुऊन सैल पडली असेल. सुमन म्हणते, वर खोच. किती वर खोचू?

उल्का रविवारी व्हिडिओवर दिसते. मी दुपारची आडवी झालेली असते, तशीच बोलते. अवनी विचारते, ‘नानी, आप हमेशा सोती क्यों रहती हो?’ मी म्हणते, अगं, म्हातारी झाले. ती म्हणते, ‘शशी आजी तो नहीं सोतीं, वो तो डाँटती हैं.’

उल्काला सांग, आईला इथे पुष्कळ कामं आहेत. एवढंच सांग. तू चिडशील, माहीत आहे. तुझं चिडणं वर्गात असल्यापासून माझ्या ओळखीचं आहे, तेही तिळगुळाबरोबर गोड मानून घेते.

तुझी
लीला


एरोसिटी, मोहाली
२५ जानेवारी २०२५

प्रिय लीला (अजूनही प्रिय, का ते मला कळत नाही),

रंग! मुंज! वाळवी!

उल्काचे बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा ती पोर पुण्यातली संशोधनाची चांगली जागा सोडून अमरावतीला येऊन बसली. वर्षभर. तिनं तुला रंगवाल्याचं कारण सांगितलं होतं का? माझ्यासारख्या परक्या बाईला जे दिसतं ते सख्ख्या आईला दिसू नये याचं मला आश्चर्य वाटतं. आश्चर्य हा सभ्य शब्द झाला.

तुझा निरोप तिला सांगितला. ‘बरं’ म्हणाली आणि चहाचा कप विसळायला घेऊन गेली. माझ्याकडे भांड्यांना बाई आहे, लीला. तो एक कप ती किती तरी वेळ विसळत होती.

आता दुसरी आग. मंडळाचं निमंत्रण छापून आलं. मोठ्या अक्षरात ‘ले. कर्नल विक्रम पांढरीपांडे यांचा सपत्नीक सत्कार’. खाली मुंगीच्या पावलांनी, ‘सौ. उल्काताई आरोग्यावर दोन शब्द बोलतील.’ मी सेक्रेटरींना फोन लावला. दिगंबरराव. केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेत, पण बोलताना अजून फाईल पुढे सरकवल्यासारखे बोलतात.

‘दिगंबरराव, सत्कार नेमका कुणाचा?’

‘दोघांचा, वहिनी. सपत्नीक म्हटलंय ना.’

‘कर्नलसाहेबांनी हाडांवर कोणतं संशोधन केलं?’

‘असं कसं म्हणता? देशाचं रक्षण करतात ते!’

‘ते चंडीमंदिर छावणीत बसून ट्रकांचे सुटे भाग मोजतात. मला माहीत आहे, मी त्यांच्याकडे जेवले आहे.’

‘वहिनी, एक पद्धत असते. पुरुषांना शाल-श्रीफळ, बाईंची ओटी. नुसत्या बाईंचाच सत्कार केला तर मिस्टरांना काय वाटेल?’

‘मिस्टरांना विचारलंत?’

‘त्यांना कसं विचारणार? ते उत्सवमूर्ती!’

मी म्हटलं, तिचे निबंध डॉ. उल्का खानझोडे या नावानं छापून येतात, तेच नाव कार्डावर घाला. तर आवाज खाली आणून म्हणाले, ‘ते माहेरचं झालं हो. लोकांना वाटेल, घरात काही भानगड आहे.’

शेवटी नवी कार्डं छापतो म्हणाले. ‘पक्का, वहिनी, पक्का.’ इतकी वर्षं उत्तरेत काढूनही मी या शब्दावर विश्वास ठेवला.

थांबणार की जाणार, याचं उत्तर संस्थेनं उल्काकडे तिसरी फेरी सुरू होण्याआधी मागितलंय. रंगवाल्याला तेवढं कळव.

शशी


एरोसिटी, मोहाली
३ फेब्रुवारी २०२५

लीला,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी तरीही लिहिणार, कारण काल जे झालं ते सांगायला मला दुसरं माणूस नाही.

नवी कार्डं अर्थातच आली नाहीत. दिगंबररावांनी माईक घेतला आणि विक्रमला स्टेजवर बोलावलं. शाल विक्रमच्या खांद्यावर, नारळ विक्रमच्या हातात, टाळ्या. मग अध्यक्षांच्या बायकोनं उल्काची खणानारळानं ओटी भरली. मी खुर्चीतून उठले आणि म्हटलं, ‘अहो, चुकीच्या माणसाला गुंडाळताय!’ अख्खा हॉल माझ्याकडे वळला. परेडमध्ये पाऊल चुकावं तसा विक्रमचा चेहरा झाला. आणि उल्का हसली. मोठ्यानं, तोंडावर हात न धरता. ओटीतला नारळ हातात घेतला आणि तशीच माईकपाशी गेली.

‘हा नारळ बघा,’ म्हणाली. ‘बाहेरून सगळे सारखेच. आत किती पाणी उरलंय ते कानाशी धरून हलवल्याशिवाय कळत नाही. आपल्या मणक्यांना तर असं हलवूनही बघता येत नाही.’

मग तिनं एका सरदारीण आजींची गोष्ट सांगितली. त्या तिच्यावर रुसून बोलल्या होत्या, ‘पुत्तर, दर्जी बदल के देख लिया, सलवार दे पौंचे फेर वी घिस जांदे ने.’ शिंपी बदलून पाहिला तरी सलवारीचे पायचे जमिनीला घासतात, झिजतात. दुसरी कुणी असती तर हसून पुढे गेली असती. उल्कानं त्यांना भिंतीला टेकवून उंची मोजली. आजी पहिल्या वर्षापेक्षा चांगल्याच खुज्या झाल्या होत्या. पाठीचा एक मणका आतल्या आत चेपला होता. पडल्या नव्हत्या, कुठे आपटल्या नव्हत्या. ‘कमर पकड़ ली’ म्हणून तेल चोळत बसल्या होत्या. तेव्हापासून ती प्रत्येक बाईला हे विचारते. गेल्या वर्षी मलाही विचारलं होतं. मी म्हटलं, मी हाडं मोजायला आलेय, कपडे शिवायला नाही.

मग म्हणाली, ‘आपल्या बायकांना मी पहिल्यांदाच विचारतेय. आपल्याकडे सलवार नाही, साडी. तर खरं सांगा. नेहमीची साडी हल्ली लोळायला लागलीय का? वरचा डबा हाताला लागेनासा झालाय का?’

लीला, साठीच्या पुढच्या सगळ्या बायका एकदम आपापल्या पायांकडे बघायला लागल्या. दिगंबररावांची बायको म्हणाली, ‘अगं बाई, मी तर फॉल लावणारीला शिव्या देत होते!’ सगळ्या हसल्या. ती स्वतः नाही हसली. कार्यक्रम संपल्यावर उल्काभोवती नुसती गर्दी, आणि शाल पांघरलेला विक्रम कोपऱ्यात एकटा वाटली डाळ खात उभा. म्हणजे बघ, शाल गेली तर गेली, पण इतक्या बायका आता

थांब.

मी उठून तुझं संक्रांतीचं पत्र काढलं.

पन्हा मोठा. जुनी इरकल सैल. फळी वर ठोकली. हात भरून येतात. नानी नेहमी झोपलेली.

आत्ता तुला फोन लावला. तू म्हणालीस, ‘हॅलो, हॅलो, आवाज येत नाही.’

मागच्या पत्रात मी तुला काय काय बोलले ते मला आठवतंय. त्याचं नंतर बघू. तुला काय झालंय, लीला? कधीपासून?

शशी


अमरावती
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय शशी,

दिवाळीच्या आधी स्वयंपाकघरात पाण्याची कळशी उचलली. पाठीत कट्ट झालं, सुपारी फुटावी तसं. तशीच ओट्याला धरून उभी राहिले. इथल्या डॉक्टरांनी फोटो काढला. दोन मणके चेपलेत म्हणाले. त्यातला एक जुना, तो कधी चेपला ते मला कळलंही नाही. कमरेला पट्टा दिलाय. प्रवास करायचा नाही, ओझं उचलायचं नाही, वाकायचं नाही. मी म्हटलं, मग जगायचं कशाला? ते म्हणाले, गोळ्या घ्यायला.

साडीचं मात्र मला खरंच माहीत नव्हतं गं. पाठीचं लपवलं, साडीचं नाही. पन्हा मोठाच असेल असं वाटलं. तुझं पत्र वाचून मी उठले, जुनी इरकल काढली आणि सुमनच्या सुनेला नेसवून बघितली. तिला बरोब्बर बसली. ती माझ्या पूर्वीच्या उंचीची आहे.

उल्काला का सांगितलं नाही ते तुझ्याच पत्रात आहे. तिच्या बाबांच्या वेळी मी नको म्हणत होते, तरी ती आली. ते गेल्यावर पुण्याची जागा तिची राहिली नव्हती. मग एक दिवस टपालानं मासिक आलं. तिचंच काम छापलं होतं, नावं दुसऱ्यांची. अंगणात बाजेवर बसून तिनं ते शेवटपर्यंत वाचलं. मिटलं. मला म्हणाली, ‘आई, भूक लागली.’ त्या दिवशी तिनं दोन भाकरी खाल्ल्या आणि मला एकही घास गेला नाही.

पुन्हा तसं तिनं बाजेवर बसायचं, आणि ते माझ्या पाठीपायी? म्हणून रंग, म्हणून वाळवी. (मुंज खरी आहे.)

आता तुला कळलं. पण तिला सांगू नकोस. जुलैनंतर मी स्वतः सांगेन. एवढं माझं ऐक, शशी. आयुष्यात एकदा ऐक.

लीला


एरोसिटी, मोहाली
१९ फेब्रुवारी २०२५

लीला,

सांगितलं.

तू वचन मागितलंस, मी दिलं नव्हतं. इकडे म्हणतात, दाई से पेट नहीं छुपता. जी बाई उठल्यापासून हाडांत असते तिच्यापासून तू हाडं लपवणार? जुलैपर्यंत तिसरा मणका गेला असता. मग ती तुला काय म्हणाली असती, आणि मला काय?

ऐकल्यावर आधी डॉक्टरसारखी बोलली. ‘कुठले मणके? औषध काय चालू आहे?’ मग माझ्या पायरीवर बसली आणि म्हणाली, ‘मावशी, मी उद्या राजीनामा देते.’

मी म्हटलं, ‘दे. तुझी आई दिवाळीपासून दुखणं गिळून पडलीय ते मातीत घालायला याहून चांगला रस्ता नाही.’

सिस्टर बर्नाडेटनी माझं तोंड साबणानं धुतलं असतं. उल्का रडली. बरं झालं. हे तिचं बाजेवर बसल्यापासूनचं होतं, मला वाटतं.

संध्याकाळी विक्रम आला. हातात ती शाल, घडी घातलेली. ‘ही उल्काची आहे, मावशी. तुमच्याकडे असू द्या, आमच्या घरी ती तिला हात लावत नाही.’ शाल माझ्या खुर्चीवर ठेवली. मग म्हणाला, ‘वरच्या मजल्याचा गीझर चालतो ना?’

मी म्हटलं, ‘चालतो. पण तुम्हाला मी परकी वाटते ना?’

‘मावशी, आता किती मारणार?’ म्हणाला.

त्याच्यामागून अवनी आली. ‘शशी आजी, आपके यहाँ वाई-फाई है ना? पक्का?’ मी सांगितलं, आहे, पण मराठीत मागितलं तरच पासवर्ड मिळेल. ती बापाकडे असं बघायला लागली, जणू तिला बोर्डिंगात टाकताहेत.

उल्का शुक्रवारी तुझ्याकडे पोचतेय, बुधवारी परत निघेल, म्हणून हे पत्र कुरियरनं. बेल वाजली तर उठून धावू नकोस. सुमनला दार उघडू दे.

शशी


अमरावती
२८ फेब्रुवारी २०२५

प्रिय शशी,

तुझ्यावर रागवायला बसले होते, पण पाठ टेकल्याशिवाय रागवता येत नाही, आणि पाठ टेकली की झोप लागते.

उल्का आली. आल्या आल्या चेहऱ्याकडे न बघता माझ्या पायांकडे बघितलं. मग मला स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पाटी आडवी धरली आणि पेन्सिलीनं खूण केली. त्याच चौकटीवर तिच्या लहानपणच्या खुणा आहेत, दर वाढदिवसाला तिचे बाबा करायचे. नंतर उल्का मला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली, तपासण्या झाल्या, औषध बदललं. आता सहा महिन्यांनी एकदा एक इंजेक्शन घ्यायचंय. डॉक्टर तिला ‘मॅडम’ म्हणत होते. मी बाजूला बसून ऐकत होते.

जायच्या आदल्या दुपारी म्हणाली, ‘तुझ्या साड्या दे.’ वरच्या काठाला आतून दुमड घालायला बसली. सुईत दोरा मीच ओवून दिला, तिला अजून येत नाही. टाके असे की सुमननं बघू नयेत.

खाली मान घालून शिवता शिवता म्हणाली, ‘आई, सगळ्या चंदीगडच्या बायकांना मी विचारत फिरले. तुला दर रविवारी बघत होते. तुला नाही विचारलं.’

मी म्हटलं, ‘विचारलं असतंस तर मी खोटं सांगितलं असतं.’

‘माहीत आहे,’ म्हणाली. ‘म्हणून नुसतं विचारायचं नसतं, मोजायचंही असतं.’

बुधवारी गेली. मी राहा म्हटलं नाही. ती राहू का म्हणाली नाही.

लीला


एरोसिटी, मोहाली
१० मार्च २०२५

प्रिय लीला,

शेवटच्या फेरीत टेबलावर झोपलेली पहिली बाई मी. संस्थेला ‘थांबते’ असं लिहून देऊन उल्का सरळ यंत्राच्या खोलीत आली आणि मला म्हणाली, ‘हलू नका, मावशी, आणि बोलूही नका.’ दुसरं मला जास्त जड गेलं.

पण तुला वेगळंच सांगायचंय. महिला दिनाचा फलक लागलाय तिथे, दारातच. गुलाबी. ‘हाडांच्या संशोधनात नारीशक्ती’. फोटोत संस्थेतल्या सगळ्या मुली, डोक्याला फेटे, आणि मधोमध कोण? त्यांचे मोठे साहेब. फेट्यासकट. उल्का कुठेच नाही. मी अपूर्वला पकडलं. तो म्हणाला, ‘आंटी जी, मॅम तो उस टाइम स्कैन की तैयारी कर रही थीं.’ म्हणजे जी हाडांचं संशोधन करत होती ती सोडून सगळी नारीशक्ती!

उल्का म्हणते, ‘फोटोचं सोडा, मावशी. जुलैनंतर मी इथे नसेन, तो फोटो कुणाला बघायचाय? तो साडीचा प्रश्न कुठे कुठे पोचतो तेवढं मला सांगत जा.’

मला पटलेलं नाही. मला दोन्ही हवंय. फोटोही आणि प्रश्नही. मी साहेबांना दोन पानी इंग्रजी पत्र दिलंय, सिस्टर बर्नाडेटना अभिमान वाटावा असं. उत्तर येईपर्यंत त्यांच्या दारात बसायला मला वेळ आहे. निवृत्त बाईचा हा एकच फायदा.

अवनीला काल पासवर्ड मिळाला. ‘आजी, मला कृपया वाय-फाय पाहिजे.’ ‘कृपया’ कुठून आणलं कोण जाणे.

पाठ सांभाळ. रागवायचं राहून गेलं असेल तर आता रागाव.

तुझी
शशी


अमरावती
९ एप्रिल २०२५

प्रिय शशी,

काल चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं. तू ओरडण्याआधीच सांगते, मी फक्त खुर्चीत बसले होते, कमरेला पट्टा बांधून. आंब्याची डाळ सुमननं केली, आरास तिच्या सुनेनं मांडली. गल्लीतल्या सगळ्या आल्या.

मी प्रत्येकीला हळदकुंकू लावलं आणि विचारलं, ‘साडी लोळते का गं?’ तरण्या मुली हसल्या. म्हाताऱ्या आधी हसल्या आणि मग एक-दोघी खाली बघायला लागल्या. पोस्टमास्तरांची बायको म्हणाली, ‘हे आणि काय नवीन? कुणी सांगितलं?’

म्हटलं, ‘चंदीगडच्या डॉक्टर उल्का खानझोडे यांनी.’

‘म्हणजे आपली उल्की? तिचे मिस्टर तर मिलिटरीत मोठे आहेत ना?’

म्हटलं, ‘आहेत. ते ट्रकांचे सुटे भाग बघतात. हाडं ती बघते.’

मग एकेकीला स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकवलं. पाटी धरायला सुमनची सून, पेन्सिल माझ्या हातात. लग्नाच्या वेळची उंची कुणाला आठवते, कुणाला नाही. पोस्टमास्तरांच्या बायकोला आठवत होती. तिनं खूण बघितली आणि डाळ खायची थांबली. परवा तिला घेऊन सुमन माझ्याच दवाखान्यात जाणार आहे. डॉक्टरांना उल्काचं नाव सांगायचं, असं पढवून ठेवलंय.

आता त्या चौकटीवर खाली उल्काच्या लहानपणच्या खुणा आहेत आणि वर आम्हा सगळ्या म्हाताऱ्यांच्या. नावं घातलीत. हे सगळं उल्काला तू कळव, मी सांगायला गेले तर ती आधी माझ्या पाठीचं विचारत बसते.

आणि शशी, आज सकाळी खरंच रंगवाला आला. दिवाळीपासून येतो येतो म्हणणारा. डबे, शिडी, सगळं घेऊन. मी त्याला म्हटलं, सगळं घर रंगव बाबा, फक्त ती चौकट सोड.

तुझी
लीला